हिरव्या रेघेवरचा आक्षेप आणि माझं उत्तर

नमस्कार. शस्त्रक्रियेत शरीरातल्या नळ्या चमकवून दाखवणाऱ्या रंगावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत. शिरेतून आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चमकणारा रंग) दिलं की पित्तनलिकेसारखीच मूत्रवाहिनीही चमकते असं मी लेखात लिहिलं, ते साफ चूक आहे, हा पहिला. आणि हात बसलेल्या सर्जनला असल्या रोषणाईची गरज नाही, उलट नव्या मुलांचा हात तिने बिघडेल, हा दुसरा.

पहिला मान्य, पूर्णपणे. दोन्ही नळ्या एका वाक्यात कोंबायच्या नादात मी घोळ घातला. आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि यकृतातून पित्तात उतरतं; मूत्रपिंडाच्या वाटेला जातच नाही. मूत्रवाहिनी उजळायची तर सिस्टोस्कोपी करून (म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून), कॅथेटर सरकवून ते आतून सोडावं लागतं. लेख दुरुस्त केला आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार! लॅप कोलीत, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढताना, मुख्य पित्तनलिका कापली जाते ती सहसा हात चुकला म्हणून नाही, तर हीच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची, कापायची नळी) अशी सर्जनची खात्री झालेली असते म्हणून. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या 252 इजांच्या विश्लेषणात 97 टक्के वेळा मूळ चूक दृष्टिभ्रमाचीच निघाली. हात कितीही बसलेला असो, फसतो तो डोळा, आणि माझ्या मते अनुभवी डोळा जरा जास्तच ठामपणे फसतो.

अर्थात रोषणाईही फसवते. सुरुवातीला एकदा मी पेशंट टेबलावर आल्यावर आयसीजी द्यायला सांगितलं. कॅमेरा इन्फ्रारेडवर नेला तर यकृत असं पेटलेलं की शेजारची नळी त्या झगमगाटात गडप! तेच काही तास आधी दिलं असतं तर यकृत बरंच मंद झालं असतं आणि चरबीखालून हिरवी रेघ वर आली असती. तीही चरबी पातळ असेल तरच. हा प्रकाश जेमतेम 5 ते 10 मिलिमीटर पार करतो. सुजलेल्या, जाड झालेल्या भागात पडदा काळाच राहतो, आणि काळा दिसला म्हणून तिथे कात्री चालवायची नसते. नव्या मुलांबद्दलची तुमची काळजी इथे रास्त आहे. 1995 साली सर्जन स्ट्रासबर्ग यांनी मांडलेला ‘क्रिटिकल व्ह्यू’, म्हणजे पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसतील असं दृश्य, आधी मोकळा करायचा; रेघ दिसली म्हणून ते डिसेक्शन (भाग सोडवून मोकळा करणं) टळत नाही.

जाता जाता, तुम्ही न विचारलेलं एक. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला चिकटून असलेल्या, जपायच्या इवल्या ग्रंथी) कुठलाही रंग न देता, 785 नॅनोमीटरच्या प्रकाशात आपणहून चमकतात. त्या ओळखायला हे झकास. पण चुकून निघून ट्रेमध्ये पडलेली ग्रंथीही तशीच चमकत राहते. तिचा रक्तपुरवठा शाबूत आहे का, ते बघायला पुन्हा आयसीजीच द्यावं लागतं.