'रोज दहा हजार पावलं चाला, म्हातारपण टळेल': या मेसेजमधलं काय खरं, काय नाही

'म्हातारपण पायांपासून वर चढत जातं' असं सांगणारा एक मेसेज ज्येष्ठांच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटात येऊन गेलेला असतो. निम्मं शरीर पायांत आहे, दोन आठवडे पाय हलले नाहीत तर एक तृतीयांश ताकद जाते, म्हणून रोज दहा हजार पावलं चाला, असा त्याचा सारांश. काळजी खरी आहे, उपाय मात्र अर्धाच सांगितला आहे. नेमाने चालणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांना खालच्या सोफ्यावरून उठताना हाताचा टेकू लागतो, तो या राहिलेल्या अर्ध्यामुळे.

'निम्मी हाडं, निम्मे स्नायू, निम्म्या नसा आणि निम्मं रक्त पायांत असतं.'

स्नायूंपुरतं हे जवळपास बरोबर आहे. बाकीचं नाही. शरीरातल्या २०६ हाडांपैकी दोन्ही पायांत, कमरेची दोन हाडं धरूनही, ६२ भरतात. स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं अंगभरच्या सगळ्या स्नायूंना मिळून जेमतेम १५ ते २० टक्के जातं, जवळपास तेवढंच एकट्या मूत्रपिंडांना लागतं.

'७० टक्के ऊर्जा पाय जाळतात.'

नाही. दिवसभरातली बहुतेक ऊर्जा श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवण्यातच खर्च होते, माणूस झोपून असला तरी.

'दोन आठवडे पाय हलले नाहीत तर एक तृतीयांश ताकद जाते.'

यामागे कोपनहेगन विद्यापीठाचा २०१५ सालचा खराखुरा अभ्यास आहे, पण मेसेजमध्ये तो मोडतोड होऊन आला. त्यात पुरुषांचा एक पाय दोन आठवडे पट्ट्याने जखडून ठेवला होता. आठवडाभर फिरायला न जाणं आणि पाय जखडणं यांत मोठा फरक आहे. एक तृतीयांश घट तरुणांची होती, वयस्कांची साधारण एक चतुर्थांश. मेसेजने गाळलेला भाग जास्त महत्त्वाचा आहे: नंतर सहा आठवडे सगळ्यांनी नियमित सायकल चालवली, त्याने दमसास परत आला, ताकद मात्र पूर्ण परतली नाही. म्हणजे ज्या अभ्यासाच्या आधारे 'चाला' म्हणतात, तोच सांगतो की ताकदीसाठी भार उचलावा लागतो.

खरी भीती अंथरुणाला खिळण्याची आहे. २००७ साली अमेरिकेत ११ निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं मांस सरासरी जवळपास एक किलोने कमी झालं. त्यामुळे ताप किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण पलंगावर न देता खुर्चीत बसवून द्या.

'रोज दहा हजार पावलं हवीतच.'

हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यात रोजच्या ४,४०० पावलांपाशीच मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. गुडघे दुखत असताना आकडा गाठायचा म्हणून फेऱ्या मारू नयेत.

'चाललं की पाय मजबूत राहतात.'

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. चालण्याने हृदय, साखर, झोप, मन सगळ्याला फायदा होतो, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर मांडीच्या स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही. जोराने, झटक्यात काम करणारे तंतू वयाबरोबर सगळ्यात आधी बारीक होतात आणि संथ चालण्यात ते फारसे वापरलेच जात नाहीत. ठेच लागल्यावर सावरायला नेमके तेच लागतात.

आधी मोजा. हात छातीवर घडी, खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई निकषानुसार पायांची क्षमता कमी धरतात.

मग हाच व्यायाम करायचा. प्लॅस्टिकची खुर्ची घसरते. लाकडी, बिनचाकाची घ्या, पाठ भिंतीला लावून ठेवा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे झुकवून, श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडला तर रक्तदाब चढतो. बसताना तीन आकडे मोजत बसायचं, धपकन नाही, कारण निम्मी मेहनत त्या खाली येण्यात आहे. गुडघे आत वळू देऊ नका. ८ ते १० वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटच्या दोन वेळा कठीण वाटल्या पाहिजेत. सहज जमायला लागलं की पोटाशी दोन किलोची तांदळाची पिशवी धरा. इथे बहुतेकांचं चुकतं: महिनोन्महिने तेच दहा उठाबशा, भार वाढवायचाच नाही, मग प्रगती थांबते. गुडघा दुखला तर बैठक उंच करा, पण घट्ट घडीच्या गोधडीने. मऊ उशीत रुतल्यावर उठणं उलट अवघड होतं.

जोडीला ओटा धरून टाचा उचलणं, १०-१५ वेळा. तोल सांभाळण्याचा सराव भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहून करा.

आणि पोट? ६० किलोच्या ज्येष्ठाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. रात्री नुसता चहा-पोळी खाऊन हा हिशोब जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

'साठीनंतरही उशीर झालेला नसतो.'

हे अगदी खरं, मेसेज म्हणतो त्याहूनही खरं. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांनी आठ आठवड्यांचा मांड्यांचा वजनाचा व्यायाम सुरू केला, नऊ जणांनी तो पूर्ण केला. या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम देखरेखीखाली होता, हे विसरू नका. छातीत दुखणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी किंवा एकाच पोटरीला अचानक सूज आली, तर त्याच क्षणी थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.