वेब प्रोग्रॅमिंगचा क्लास काढताय? मग एवढं कराच

दिवसभर कंपनीत कोड लिहून शनिवार-रविवारी पोरांना वेब प्रोग्रॅमिंग शिकवायचं तुमच्या मनाने घेतलंय ना? मग आधी एचटीएमएलपासून, म्हणजे वेबपेजचा सांगाडा लिहायच्या भाषेपासून, सुरुवात करायचा मोह आवरा. फॉर्मला लेबल कशाला लागतं, लिंक आणि बटणात फरक काय, असल्या गोष्टींनी बॅचा भरत नाहीत. पहिल्याच दिवशी थेट वेबपेजं बांधायची तयार लायब्ररी, रिअ‍ॅक्ट. इन्स्टॉलची कमांड द्यायला लावा आणि चहाला सोडा. परत येईपर्यंत नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या हजारो फायली येऊन पडलेल्या असतात. "सर, हे सगळं काय आहे?" असं कुणी विचारलंच, तर "ते लागतं" म्हणायचं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभर भल्याभल्यांचे बिल्ड (कोडपासून चालतं अ‍ॅप बनवायचं काम) कोसळले, हे सांगू नका. पोरं घाबरतात.

आता मुख्य विद्या. मागच्या बाकावरून हाक येईल, "सर, चालत नाहीये." काय चालत नाहीये, हे चुकूनही विचारू नका. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या एरर दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: फाइलचं नाव, ओळीचा नंबर, आणि ते सुप्रसिद्ध 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड, रीडिंग नेम'. म्हणजे सर्व्हरकडून माणूस अजून आलेलाच नाही आणि आपण त्याचं नाव विचारतोय. दोन मिनिटं शांतपणे वाचलं तर पोरगं स्वतःच शोधून काढेल. हाच तर धोका! कीबोर्ड स्वतःकडे ओढा, टिंबाच्या आधी एक प्रश्नचिन्ह टाका, सेव्ह करा आणि "आता बघ" म्हणा. एरर गायब. नावही गायबच असतं, पण ते दिसत नसल्याचं लाल अक्षरांत कुणी सांगत नाही. पोराच्या डोळ्यांतला आदर बघून घ्या. पुढच्या कोर्सची फी तिथेच पक्की होते.

जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल मात्र भरपूर हसवा. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या, म्हणजे अक्षर समजल्या जाणाऱ्या, पाचात दोन मिळवले तर बावन्न, वजा केले तर तीन! ब्रेंडन आइकने १९९५ साली ती दहा दिवसांत उभी केली, हे दर बॅचला सांगा, दर वेळी हशा येतो. अधिकचं चिन्ह अक्षरं जोडायचंही काम करतं आणि वजाला फक्त आकडेच कळतात, एवढं एका वाक्यात सांगता येतं म्हणा, पण मग गंमत ती काय राहिली? तारखेत जानेवारी शून्यावा महिना असतो, हे शिकवू नका, परीक्षेत विचारा.

चॅटजीपीटी वापरायला सक्त मनाई करा. (तुमच्या नोट्स कुठून आल्या, हा विषय वेगळा.)

प्रोजेक्ट म्हणून सगळ्यांकडून टू-डू लिस्टच करून घ्या. फक्त बटणाचा रंग ज्याचा त्याने निवडावा, क्रिएटिव्हिटी महत्त्वाची. मग तीच यादी सगळ्यांच्या रेझ्युमेत 'टास्क मॅनेजमेंट सिस्टिम' म्हणून झळकेल.

आणि सोमवारी कंपनीत तुम्हालाच फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला बसवलं, समोरच्याने टास्क मॅनेजमेंट सिस्टिम दाखवली आणि साधी एरर वाचताना त्याची त-त-प-प झाली, तर बाजूच्या मॅनेजरकडे वळून हळहळायला विसरू नका, "आजकालच्या पोरांचं बेसिकच कच्चं असतं हो. कोण शिकवतं यांना, काय माहीत!"