‘ढगात ५०० टन पाणी’ या वाक्यावर आलेल्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट काल रात्री वाचली. रागात लिहिलं की भलतंच लिहिलं जातं म्हणून थांबलो, पण सकाळीही तेवढीच लागली, तेव्हा लिहितोच.

जलचक्राच्या लेखात मी म्हटलं होतं की साध्या पांढऱ्या कापशी ढगातसुद्धा ५०० टनांच्या आसपास पाणी असू शकतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "५०० टन पाणी डोक्यावर तरंगतंय म्हणे, काहीही फेकायचं! ढग वाफेचा असतो आणि वाफ हलकी असते, शाळेतल्या पोरालाही कळतं. आधी शिका, मग शिकवा." शिवाय लेख लांबलाय, चित्र नीट दिसत नाही, स्रोत नाहीत, वगैरे.

चित्राचं मान्य. मोबाइलवर अक्षरं खरंच बारीक दिसतात, मोठी करून टाकतो. लांबीबद्दल काही बोलत नाही, ज्याला लांब वाटतो त्याने सोडून द्यावा.

पण "फेकायचं"? शंका होती तर विचारायचं होतं की हा आकडा आला कुठून, मी आनंदाने सांगितलं असतं. माझे वडील विज्ञान शिकवायचे, आमच्याकडे पर्जन्यमापक होतं आणि पावसाळ्यात रोज सकाळी मापपात्रातलं पाणी बघून वहीत लिहायचं काम माझं. एखाद्या दिवशी आळस करून अंदाजे आकडा लिहिला तर वडील ते अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. पुढे मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना हाच विषय शिकवला. असल्या माणसाला तुम्ही आकडे फेकतो म्हणता, ते पण एक ओळीचं गणित न करता.

तर गणित. १ किलोमीटर लांब, रुंद आणि उंच ढग धरा, म्हणजे १०० कोटी घनमीटर. अशा ढगात दर घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं. झाले ५० कोटी ग्रॅम, म्हणजे ५०० टन. आता तेवढ्याच जागेतल्या हवेचं वजन बघा, त्या उंचीवर घनमीटरला साधारण १ किलो धरली तरी १० लाख टन होते. म्हणजे पाणी हवेच्या दोन हजाराव्या भागाइतकं. तुम्हाला ५०० टन दिसले, पण ते किती जागेत पसरलेत हे बघायचं राहिलं.

वाफ हवेपेक्षा हलकी हे तुमचं बरोबर आहे, पाण्याच्या रेणूचं वस्तुमान १८ आणि हवेचं सरासरी २९. पण ढग म्हणून जे दिसतं ती वाफ नाहीच, वाफ डोळ्यांना दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोंडाकडे नीट बघा, तोंडापासून जरा अंतर काहीच दिसत नाही, खरी वाफ तिथे आहे, आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं, ते थंड होऊन झालेले बारीक थेंब. ढगातही हेच होतं, हवा वर जाते, दाब कमी झाल्यामुळे पसरते, पसरली की गार होते आणि मग धुळीच्या, मिठाच्या, धुराच्या कणांवर बाष्प जमून थेंब तयार होतात. (फार उंचावरच्या ढगांत बर्फाचे कण असतात, तो वेगळा विषय.)

मग हे थेंब पडत का नाहीत? पडतात! पण ढगातला थेंब जेमतेम ०.०२ मिलिमीटर व्यासाचा, त्याचा पडण्याचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटरच्या आसपास. त्या वेगाने १ किलोमीटर खाली यायला त्याला दिवसाहून जास्त वेळ लागेल, आणि खालून येणारा हवेचा झोत सेकंदाला मीटरभर किंवा जास्त वेगाने वर जात असतो, त्यापुढे तो थेंब काय टिकणार. त्यातूनही ढगाच्या तळाखाली आलाच तर कोरड्या हवेत विरून जातो. त्यात भर म्हणजे १ किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, ती ढगातल्याच हवेला मिळते, हवा आणखी वर चढते. ढग वर राहतो तो असा, वाफ हलकी म्हणून नाही. पावसाचा २ मिलिमीटरचा थेंब व्हायला असले १० लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि मग तो सेकंदाला साडेसहा मीटरने येतो, तेच किलोमीटरभर अंतर अडीच-तीन मिनिटांत.

हे सगळं त्या लेखात होतं, थोडक्यात होतं पण होतं, पाचव्या परिच्छेदात. तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत असं वाटतं, आणि न वाचता "आधी शिका" म्हणणं मला पटत नाही, पटणारही नाही.

स्रोत हवेत म्हणता, तर गुणाकार वर मांडलाय, कागद घेऊन करा. अर्ध्या ग्रॅमऐवजी पाव ग्रॅम धरायचं असेल तर धरा, २५० टन येतील, त्यावर बोलू. तुमची कमेंट उडवलेली नाही. पुढचं लिहाल तेव्हा कुठला आकडा चुकीचा वाटतो तेवढं लिहा.