फो ‘अळणी’ लागला, त्याबद्दल

नमस्कार,

फो म्हणजे व्हिएतनामचं तांदळाच्या नूडल्सचं सूप. त्यावरच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, फोपेक्षा नक्कीच. इतर वाचकांसाठी तिचा सारांश असा: हनोईत दुपारी दोनच्या सुमारास चिकनचा फो मागवला. ‘साठ हजार डोंग, म्हणजे दोनशे रुपये मोजून अळणी पाणी, तेही कोमट.’ लेखात वर्णन केलेली पाल्याची ताटली आलीच नाही. फोटो आणि घरच्यांशी व्हिडिओ कॉल आटपेपर्यंत नूडल्सचा लगदा झाला. परत आल्यावर लेखातल्या प्रमाणाने पुण्यात करून पाहिला, तर सर्दीवरचा काढा तयार झाला. आणि शेवटी, ‘मिसळ खाणाऱ्यांना असली कौतुकं सांगू नका.’

ताटलीची चूक लेखाची आहे, पूर्णपणे कबूल. काढ्याची चूक अर्धी लेखाची, अर्धी तुमच्या कुकरची. अळणीपणाचा आरोप मात्र मान्य नाही.

आधी ताटली. फो मूळचा उत्तर व्हिएतनामचा, हनोई आणि नाम दिन्ह भागातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथे घडला. १९५४ मध्ये जिनिव्हा करारानंतर देश दोन तुकड्यांत विभागला गेला, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर गेलेला फो सायगॉनमध्ये, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीत, फोफावला. तिथे त्याला दक्षिणेचं वळण लागलं: सूप गोडसर झालं, मुगाचे लांब मोड आले, तुळशीच्या जातीतली ‘हुंग क्वे’ आणि करवतीसारख्या कडांची ‘न्गो गाय’ ही पानं आली, काळा गोड ‘तुओंग देन’ सॉस आला. १९७५ नंतर देश सोडून गेलेल्यांत दक्षिणेकडचे लोक जास्त होते. त्यामुळे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि फिरून मुंबई-पुण्याच्या रेस्टॉरंटांत जो पोचला तो बहुतेक सायगॉनचा फो. लेखात ताटलीचं वर्णन याच फोचं आहे आणि नेमका ‘सायगॉन’ हा शब्द लिहायचा राहून गेला. आता घातला आहे.

हनोईत हिरवं जे काही असतं ते वाडग्यातच येतं. कांद्याची पात, थोडी कोथिंबीर, पातीचे पांढरे कांदे उकळत्या सुपात बुडवून काढलेले, आणि फो चिकनचा असेल तर वरून लिंबाच्या पानांचे केसासारखे बारीक काप. टेबलावर लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरचीचे काप, लिंबू आणि चिली सॉस. ‘क्वाय’ नावाच्या तळलेल्या मैद्याच्या कांड्या वेगळ्या मागाव्या लागतात. त्या सुपात बुडवून लगेच खायच्या, जास्त वेळ ठेवल्या तर स्पंज होतो. कोल्हापूरची मिसळ डोक्यात ठेवून पुण्यात बसलं की जे होतं, ते तुमचं हनोईत झालं. फरक इतकाच की डोक्यात चुकीचा पत्ता या लेखाने घातला.

आता ‘अळणी’. हा शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलात, पण मटण शिजवताना मसाल्याआधी जे अळणी काढून ठेवतात, ते पोरांआधी मोठी माणसं पळवतात की नाही? फो त्या घराण्यातला आहे, तांबड्या रश्श्याच्या नाही. त्यात फोडणी नाही, वाटण नाही, तर्री नाही. मसाले अख्खे, थोडा वेळ सुपात बुडवून काढून टाकलेले. म्हणून तो पहिल्या घोटाला अंगावर येत नाही. दुकानदार जाणूनबुजून सूप एका बेताला आणून थांबतो आणि शेवटचं मीठ-आंबट-तिखट तुमच्यावर सोडतो. तुम्ही पहिल्या चमच्यावर निकाल दिलात आणि टेबलावरच्या वाट्यांना हातच लावला नाहीत.

क्रम असा ठेवा. वाडगा आला की काहीही न घालता दोन-तीन चमचे सूप प्या. मीठ कमी वाटलं तर मिठाकडे न जाता ‘नुओक माम’ म्हणजे माशाचा सॉस मागा आणि अर्धा-अर्धा लहान चमचा घाला, कारण त्यात खारटपणाबरोबर मांसाची चव उचलणारा गुणही आहे. मग तीन-चार काप मिरची. ती तळाशी जाऊ द्या, एका मिनिटात सूप तिखट व्हायला लागतं. आंबट शेवटी: हनोईत लसणाच्या व्हिनेगरचा एक लहान चमचा पुरतो, सायगॉनमध्ये लिंबाची एक फोड. पूर्ण लिंबू पिळलंत तर चक्रीफुलाचा वास मरतो आणि मग खरंच गरम सरबत पीत बसावं लागतं. तुओंग देन तर वाडग्यात घालूच नका. तो इतका गोड आणि दाट असतो की दोन चमच्यांत सहा तासांचं सूप झाकलं जातं. लहान बशीत तो आणि चिली सॉस शेजारी शेजारी घ्या, मांसाचा तुकडा त्यात टेकवा. सायगॉनमध्ये कित्येक लोक वाडग्यात सरळ ओततात हेही खरं, पण निदान पहिला वाडगा तरी तसा खाऊ नका.

कोमटपणाची तक्रार मात्र गंभीर आहे. फोचं सूप उकळतं ओतलं गेलं पाहिजे. बीफच्या ‘ताय’ प्रकारात तर कच्च्या मांसाचे पातळ काप वाडग्यातच त्या उष्णतेवर शिजतात, सूप निवलेलं असेल तर ते कच्चेच राहतात. चिकनच्या फोत तो धोका नाही, कारण मांस आधीच शिजवलेलं असतं, म्हणून आळशी दुकानं तिथे खपून जातात. शिवाय दुपारचे दोन ही हनोईत फोची वेळ नव्हे. तो सकाळचा खाद्यपदार्थ. बरीच जुनी दुकानं पहाटे सहाच्या आसपास उघडतात, दहा-साडेदहाला पातेलं रिकामं करून बंद होतात आणि काही संध्याकाळी पुन्हा उघडतात. दिवसभर चालणारी सगळीच वाईट नसतात, पण एकच पदार्थ विकणारं, सकाळी भरलेलं दुकान शोधलंत तर फसण्याची शक्यता खूप कमी. भिंतीवर चाळीस पदार्थांचा सचित्र मेनू दिसला की पुढे चला. बसायला जागा तुमची तुम्ही शोधायची, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायचं. बात दानसारख्या एखाद्या प्रसिद्ध दुकानी रांग लावून, आधी पैसे देऊन वाडगाही स्वतःच टेबलापर्यंत न्यायचा असतो.

लगद्याबद्दल दुकानाला बोल लावू नका. तांदळाच्या ताज्या नूडल्स गरम सुपात पाणी पीतच राहतात. पहिली पाच मिनिटं त्या लवचिक असतात, दहाव्या मिनिटाला सुजतात, पंधराव्याला चॉपस्टिकवर तुटतात, आणि तेवढंच सूपही कमी झालेलं असतं. वाडगा येताच चॉपस्टिकने तळापासून दोनदा वर उचला, गठ्ठा सुटतो. फोटो एक काढा. व्हिडिओ कॉल नंतर.

आता काढा. लेखातलं मसाल्याचं प्रमाण बीफच्या ३ किलो हाडांसाठी आणि ६ लिटर पाण्यासाठी होतं: ६ चक्रीफुलं, ८ सेंमी दालचिनी, ४ लवंगा, १ थाओ क्वा म्हणजे आपल्या मसाला वेलचीची आकाराने मोठी, धुरकट वासाची चुलत बहीण, आणि १ मोठा चमचा धने. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गाय-बैलाचं मांस मिळत नाही, घरोघरी फो होणार तो चिकनचाच, हे लक्षात घेऊन चिकनचं प्रमाण वेगळं द्यायला हवं होतं. कोंबडीचं सूप नाजूक असतं, बीफच्या हाडांसारखं ते मसाल्याला तोलून धरत नाही. तर चार वाडग्यांसाठी: सव्वा ते दीड किलोची एक अख्खी कोंबडी, असतील तर अर्धा किलो पाय किंवा पाठीचे सांगाडे, ३ लिटर पाणी, २ चक्रीफुलं, ३ सेंमी दालचिनी, २ लवंगा, १ लहान चमचा धने. वेलची नकोच.

तुम्ही लिहिलंय की मसाले ‘जरा कुटून’ सुरुवातीलाच घातले आणि कुकरला सहा शिट्ट्या केल्या. तिथेच बिघडलं. दालचिनीच्या सालीतला तुरटपणा हळूहळू उतरतो, तर चक्रीफूल-लवंगेचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. जास्त वेळ उकळलं की वास गेलेला आणि तुरट-कडू तेवढं उरलेलं, अशी स्थिती येते. कुटल्यावर हे सगळं दुपटीने होतं, वर सूप गढूळ. मसाले अख्खेच कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, वास सुटेपर्यंत भाजा, मलमलच्या फडक्यात बांधा, शेवटच्या ३०-४० मिनिटांसाठी सोडा आणि पुरचुंडी काढून टाका.

कुकर वापरायला हरकत नाही, शिट्टीला आहे. शिट्टी होते तेव्हा आतला दाब एकदम उतरतो, सूप खळाखळा उकळतं आणि चरबी घुसळली जाऊन पाण्यात मिसळते. मग ते दुधट दिसतं आणि जिभेवर तेलकट बसतं. दाब आला की आच अगदी बारीक करा आणि गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप निवू द्या, शिट्टी उचलू नका. खरं तर चिकनला पातेलंच बरं. कोंबडी पाण्यात बुडवून उकळी येऊ द्या, फेस चमच्याने काढत राहा, मग पृष्ठभाग नुसता थरथरेल इतक्या आचेवर ३५-४० मिनिटं. बाहेर काढून बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा, त्याने कातडी ताणलेली राहते आणि मांस कोरडं पडत नाही. मांस सोडवा, हाडं परत सुपात टाका आणि आणखी दीड-दोन तास तशीच मंद आच. गावरान कोंबडी असेल तर पहिला टप्पा सव्वा तासापर्यंत लांबतो, पण सूप तिचंच सरस.

कांदा आणि आलं भाजण्याची पायरी तुम्ही गाळलीत, आणि खरी चव तिथे आहे. एक मोठा कांदा आणि ५०-६० ग्रॅम आल्याचा तुकडा, दोन्ही सालासकट, भरताच्या वांग्यासारखे थेट आचेवर जाळीवर ठेवा. चिमट्याने फिरवत १०-१२ मिनिटं, साल कोळसा होऊन आतला कांदा दाबल्यावर मऊ लागेपर्यंत. मग काळं साल नळाखाली पूर्ण चोळून काढा आणि दोन्ही सुपात टाका. ते राहिलं तर सूप काळपट आणि कडू होतं. भाजल्याने कांद्याचा उग्रपणा जाऊन गोडवा येतो, आल्याचा झोंबरेपणा बसतो. सूप गोडसर लागतं ते मुख्यतः यामुळे, आणि १५-२० ग्रॅम खडीसाखरेमुळे. व्हिएतनामी लोकही खडीसाखरच वापरतात. साध्या साखरेची चव जिभेवर वेगळी उभी राहते.

शेवटी ३ मोठे चमचे फिश सॉस आणि लागेल तसं मीठ. फिश सॉस आच बंद करायच्या पाचेक मिनिटं आधी. सुरुवातीला घातला तर सुगंध जातो आणि घरभर सुकट भाजल्याचा वास. तो नसेल तर सोया सॉसऐवजी नुसतं मीठ परवडलं. सूप नुसतं पिताना किंचित खारट वाटलं पाहिजे, कारण नूडल्सना स्वतःची चव नाही. आणि एक गोष्ट घरी हमखास चुकते: सुक्या नूडल्स, माणशी ८० ग्रॅम, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून उकळत्या पाण्यात १०-१५ सेकंद बुडवल्यावर चाळणीत जोरात झटकायच्या. नाही झटकल्या तर वाडग्यात अर्धी वाटी साधं पाणी जातं आणि तुम्ही पुन्हा ‘अळणी’ म्हणून लिहाल.

दुसऱ्या एका वाचकाने खाली विचारलंय, म्हणून इथेच: गोमांस टाळायचं असेल तर पाटीवर ‘फो गा’ शोधा, ‘फो बो’ म्हणजे बीफ. एकाच दुकानात दोन्ही असतील तर पळी आणि पातेलं एकच असू शकतं. चालत नसेल तर फक्त चिकनवालं दुकान गाठा, हनोईत अशी वेगळी दुकानं आहेत. शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. चहा मागायला गेलात आणि चाय म्हणालात तर टोफू समोर येईल, चहाला उत्तरेत ‘चा’. शाकाहारी फो मुळा, गाजर, मका, मशरूम यांच्या सुपाचा असतो आणि तो फक्त ‘चाय’ पाटीच्या दुकानात खा. साध्या दुकानात ‘मांस नको’ म्हटलं तर मांस काढून तेच हाडांचं सूप देतात.

आणि मिसळवाल्यांसाठी. तुम्हाला लाल तवंग, गवती चहाचा वास आणि कानशिलं तापवणारं काही हवं असेल तर ते फोत शोधू नका, ह्यू शहराचा ‘बुन बो ह्यू’ वेगळाच पदार्थ आहे. त्यात गोल, जाड नूडल्स, मिरचीचं तेल आणि आंबवलेल्या कोळंबीचा उग्र वास असतो. बीफ आणि डुकराचं मांस बहुतेक दोन्ही असतं, ते आधी विचारून घ्या. खेकडा चालत असेल तर टोमॅटोचा आंबटसर ‘बुन रिएउ’ मागवा, कोकणातल्या माणसाला तो पहिल्या चमच्याला पटेल. फक्त त्यातही काही दुकानं वर बीफचे काप टाकतात.