मेंदूला दुसऱ्यांदा रेडिएशन: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘मेंदूला एकदा रेडिएशन दिलं की पुन्हा कधीच देता येत नाही, देणारे डॉक्टर पैसे उकळतात’ हा मेसेज चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगात पहिल्या वेळी साधारण ६० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) ३० बैठकांत देतात. गाठ परतली तर निवडक रुग्णांना पुन्हा देता येतं. अमेरिकेतल्या ‘आरटीओजी १२०५’ चाचणीत बेव्हासिझुमॅब या औषधासोबत १० बैठकांत ३५ ग्रे दिल्यावर, नुसतं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत, सहा महिने आजार न वाढलेल्यांचं प्रमाण २९ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. त्यामुळे ‘दुसऱ्या रेडिएशनने हमखास बरं होतं’ हेही खरं नाही. शिवाय निरोगी पेशी मरून सूज येण्याचा धोका असतोच. म्हणून आधीचा डोस, मधला काळ, गाठीची जागा पाहूनच डॉक्टर ठरवतात. दुसरं मत घ्यायला जाताना जुना रेडिएशन प्लॅन आणि एमआरआयची सीडी न्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही.