एकट्याच्या प्रवासात नवी कोरी कादंबरी उघडू नका

एकट्याने लांबच्या गाडीने जाणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं घरीच वाचून निघा.

सीएसएमटीहून मडगावला जाताना पनवेल सुटेपर्यंत धड वाचून होत नाही. ठाण्याला, पनवेलला माणसं चढतात, सामान सरकवावं लागतं, कुणी सीट बदलून मागतं, टीसी येतो, चहा-वडेवाल्यांची ये-जा सुरू असते. कादंबरीतली माणसं, नाती, गाव डोक्यात बसायचं ते नेमकं याच वेळात. ते बसत नाही, मग रोह्यापर्यंत तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि चांगलं पुस्तक उगाच कंटाळवाणं ठरतं. पात्रं फार असतील तर कोण कुणाचं कोण, ते मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावं.

वाचणाऱ्याने स्लीपर किंवा थ्री एसीत साइड लोअर (वाटेपलीकडचा खालचा बर्थ) मागावा. त्याचे नंबर म्हणजे आठच्या पाढ्यातून एक वजा: 7, 15, 23, 31. खिडकी आपली, पाठ टेकता येते, समोर गप्पांचा फड नसतो. फक्त तिकीट आरएसीच राहिलं तर ही जागा दोघांत वाटून घ्यावी लागते.

इतर लोअर बर्थवर रात्री दहानंतर पंचाईत होते. मिडल बर्थ लागला की खाली ताठ बसता येत नाही, मोठे दिवेही बंद होतात. पाचशे पानांचं पुस्तक उताणं पडून धरलं तर मनगट लवकरच भरून येतं. कुशीवर वळा, पुस्तक बर्थवरच टेकवा, पानाला चिमट्याचा छोटा दिवा लावा. उजेड पानापुरताच राहतो, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

प्रत शक्यतो शिलाईच्या बांधणीची घ्या. नुसती गोंदाने चिकटवलेली प्रत पालथी ठेवली की कणा तडकतो, पानं सुटतात आणि स्लीपरच्या उघड्या खिडकीशी सुटलेलं पान गेलंच म्हणून समजा. पावसाळ्यात झिपची प्लास्टिक पिशवी हवीच, शटर ओढलं तरी पाणी आत येतं.

कानात इअरफोन घालून वाचणं मला एकट्या प्रवाशासाठी साफ चुकीचं वाटतं. डोळे पुस्तकात असताना बॅगेची राखण कानच करतात. उठताना पुस्तक सीटवर राहू द्या, फोन आणि पाकीट बरोबर न्या. शेवटच्या प्रकरणात स्टेशन हमखास निसटतं, त्यासाठी 'व्हेअर इज माय ट्रेन' या अ‍ॅपमध्ये लोकेशन अलार्म लावता येतो. पण कोकणात बोगद्यांमुळे रेंज जाते (रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर आहे), म्हणून जोडीला घड्याळाचा गजरही लावा, उतरायच्या अर्धा तास आधीचा.

एसटीचा हिशेब वेगळा. आंबा घाट लागला की पुस्तक मिटावं. डोळे स्थिर पानावर आणि कानातलं तोलाचं यंत्र वळणावर, या ओढाताणीनेच मळमळतं. घाटापुरतं ऑडिओबुक उत्तम, मात्र घरच्या वायफायवरच डाउनलोड करून घ्या.