सातवीतल्या मुलांना आधी कामे पाहू द्या

सहावी-सातवीच्या मुलांसाठी आयआयटी आणि नीटच्या ‘फाउंडेशन’ वर्गांचे फलक आता तालुक्याच्या गावांतही लागलेले दिसतात, आणि आपले मूल मागे पडेल या धास्तीने पालक त्यांची फी भरतात. वास्तविक, कोचिंग वर्गांनी १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्येच दिल्या आहेत. पालकांची काळजी खरी आहे. पण ज्या मुलाने शिक्षक, डॉक्टर, पोलीस आणि दुकानदार यांच्यापलीकडे कोणाचे काम जवळून पाहिलेले नाही, त्याच्याकडून आयुष्याच्या व्यवसायाची निवड करून घेणे मला अन्यायाचे वाटते. ज्याने कधी पाना हातात धरला नाही, त्याला ‘यंत्रे आवडतात का?’ असे विचारून काय कळणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याचा विचार आहे. सहावी ते आठवीच्या काळात सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांसारख्या कामांचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा आणि दहा दिवस मुलांनी दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे त्यात म्हटले आहे. माझ्या पाहण्यातल्या काही शाळांत मात्र हे दिवस सहल आणि गाण्यांच्या भेंड्यांत संपतात, याचे मला फार वाईट वाटते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून अनेक शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुले-मुली वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन आणि रक्तगट तपासणीपर्यंतची कामे स्वतः करतात. त्यातली प्रत्येक मुलगी वेल्डर होणार नसते. पण मोजमापात आपले मन रमते की माणसांशी बोलण्यात, हे तिला स्वानुभवाने कळते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतच झाली, ते विचारतात, ‘आमच्या मुलांनी शाळेतही पुन्हा तेच करायचे का?’ म्हणूनच डॉक्टर-वकिलांच्या मुलांनी सुताराकडे आणि गवंड्याकडे गेले पाहिजे, आणि मजुरांच्या मुलांनी न्यायालय, बँक, प्रयोगशाळा, पशुवैद्यकीय दवाखाना आतून पाहिला पाहिजे. ही अदलाबदल होणार नसेल, तर हे दहा दिवस जातीच्या जुन्या वाटण्याच घट्ट करतील.

आठवीत मात्र एका गोष्टीचे नियोजन अवश्य करावे. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांच्या विद्यार्थ्यांना एनएमएमएस या आठवीतल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते.

शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्या पालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीत दप्तराविनाच्या दहा दिवसांचे वेळापत्रक मुख्याध्यापकांकडे मागा, आणि त्यातल्या एका दिवशी चार-पाच मुलांना स्वतःच्या कामाच्या ठिकाणी नेण्याची जबाबदारी तिथेच आपल्या नावावर लिहून घ्या.